आधी गुटखा बंद करा, मग जनुकं वाचा?

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या व्याख्यानमालेत कॅन्सरवर परिसंवाद झाला. पहिले वक्ते सार्वजनिक आरोग्यात हयात घालवलेले. ते तळमळीने म्हणाले, "तालुक्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी करायला माणूस नाही आणि आपण पेशींतली जनुकं वाचायला पैसे ओततोय. आधी शाळेसमोरच्या टपरीवरचा गुटखा बंद करा." टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसरे वक्ते तरुण डॉक्टर. पडद्यावर रंगीत आलेख दाखवत त्यांनी सांगितलं, की यापुढे प्रत्येक पेशंटच्या गाठीची जनुकीय कुंडली मांडायची आणि तिच्याप्रमाणे औषध द्यायचं. केमोथेरपीचे दिवस भरत आले. त्यांनाही तेवढ्याच टाळ्या मिळाल्या. मी मात्र घरी आले ती अस्वस्थ होऊन. मॉलिक्युलर पॅथॉलॉजी म्हणजे एक महागडं यंत्र, आणि ते घ्यायचं की नाही एवढाच प्रश्न, असं दोघंही धरून चालले होते. माझं म्हणणं वेगळं आहे. शरीरातून काढलेल्या तुकड्यात नेमका कोणता आजार आहे हे जनुकांच्या आणि प्रथिनांच्या पातळीवर ओळखणं, म्हणजेच मॉलिक्युलर पॅथॉलॉजी, हे सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीइतकंच मूलभूत काम आहे. त्यातलं संशोधन आपल्याच माणसांच्या तुकड्यांवर, आपल्याच सरकारी संस्थांत आणि सार्वजनिक पैशातून व्हायला हवं. गुटखाबंदीचं आणि या कामाचं वैर नाही. ते आहे असं भासवून आपण दोन्हीचं नुकसान करतोय.

हे काम कुठे सुरू होतं ते मी माझ्या मावशीच्या आजारपणात पाहिलं. २०१७ साली तिच्या स्तनातली गाठ काढली, जिल्ह्याच्या ठिकाणी, एका खासगी दवाखान्यात. ऑपरेशन शनिवारी दुपारी झालं. गाठ जशीच्या तशी प्लास्टिकच्या बरणीत घालून मामाच्या हातात दिली. लॅब सोमवारी उघडणार होती. बरणीत फॉर्मॅलिन पुरेसं आहे का, गाठ मधून चिरून ठेवली आहे का, हे विचारायचं आम्हाला सुचणार तरी कसं? फॉर्मॅलिन मांसात तासाला साधारण एक मिलिमीटर या गतीने मुरतं. अख्खी गाठ तशीच टाकली तर ते आत पोचेपर्यंत गाभा कुजायला लागतो. रिपोर्ट आला: ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. ईआर आणि पीआर ही हार्मोनला धरून ठेवणारी प्रथिनं; ती गाठीत नाहीत, म्हणजे हार्मोन रोखणाऱ्या गोळीचा उपयोग नाही. "ब्लॉक आणि स्लाइड घेऊन मुंबईला जा," असं कोणीतरी सांगितलं. ब्लॉक म्हणजे मेणाचा ठोकळा. फॉर्मॅलिनमध्ये पक्का झालेला तुकडा मेणात बसवतात आणि मग त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर घेतात. ऑपरेशनच्या ठोकळ्यांबरोबर, त्याआधी सुईने घेतलेल्या बायोप्सीचा एक छोटा ठोकळाही होता. तिन्ही ठोकळे रुमालात बांधून मी एसटीने नेले. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी ऑपरेशनचे काप पाहिले आणि बाजूला ठेवले. सुईच्या बायोप्सीवर तपासणी पुन्हा केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मायक्रोस्कोपच्या जोडभिंगातून बघायला लावलं. फिकट निळ्या पेशींमध्ये तपकिरी केंद्रकं दाटीने उमटली होती, शाईचे थेंब पडावेत तशी. "हे ईआर. पॉझिटिव्ह आहे," त्या म्हणाल्या. मावशीला पाच वर्षं रोज एक गोळी चालू झाली. तिची किंमत काही रुपये.

या तपकिरी ठिपक्यांमागे एक जुना पेच आहे. १८९५ साली ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीट्सन यांनी पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या बाईचे बीजांडकोश काढून टाकले आणि तिच्या गाठी विरल्या. पुढे इतरांनी तेच केलं, तर जेमतेम एक तृतीयांश बायकांना गुण आला. उरलेल्या दोन तृतीयांश बायकांचं ऑपरेशन फुकट गेलं. कोणाला गुण येणार हे आधी कसं ओळखायचं? याचं उत्तर मिळायला साठ-सत्तर वर्षं लागली. एल्वुड जेन्सन यांनी इस्ट्रोजेनला धरून ठेवणारं प्रथिन पेशीत शोधलं, तेव्हा कळलं की ज्या गाठीत ते प्रथिन आहे तिलाच हार्मोन तोडण्याचा फटका बसतो. सर्जनच्या हाताचं कौशल्य किंवा औषधाची ताकद वाढून हा पेच सुटला नाही. आजार ओळखण्याची नजर बदलली म्हणून सुटला. आपल्याकडे तर कित्येक वर्षं असं मानलं जायचं की भारतीय बायकांचे स्तनाचे कॅन्सर फारसे हार्मोनला जुमानत नाहीत. त्या समजातला काही भाग आपल्या बायकांच्या शरीरात नव्हताच, आपल्या बरण्यांमध्ये होता, हे पॅथॉलॉजिस्टनी आपली पद्धत सुधारल्यावर पुढे आलं. चांगलं फॉर्मॅलिन ही चैन आहे, असं पहिले वक्ते म्हणतील का?

त्यांच्या म्हणण्यातला सगळ्यात भक्कम भाग मी आधी मान्य करते. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो हे कळायला एकही जनुक वाचावं लागलं नाही. मुंबईच्या सांघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणं, चघळणं आणि तोंड-घशाचे कॅन्सर यांचा संबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला तो १९५५ साली, पेशंट मोजून आणि त्यांच्या सवयी विचारून. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ मध्ये. म्हणजे कळल्यानंतर सत्तावन्न वर्षांनी. आणि आजही पुडी मागितली की मिळते. मशेरी तर अजून कित्येक घरांत मिठाच्या डबीसारखी फळीवर असते आणि बायका तिला व्यसन म्हणतही नाहीत. हे अपयश मोठं आहे, लाजिरवाणं आहे. पण हे अपयश प्रयोगशाळेने पैसे पळवले म्हणून आलं का? गुटखा चालू राहिला तो विकणाऱ्यांच्या पैशामुळे आणि पकडणाऱ्यांच्या डोळेझाकीमुळे. ज्या वर्षी संशोधनाचा निधी कापला त्या वर्षी टपऱ्या बंद झाल्या, असं कुठे घडलंय? आणि ते खानोलकर, ज्यांच्या कामाचा आधार हे वक्ते घेतात, ते स्वतः पॅथॉलॉजिस्ट होते. टाटा मेमोरियलची प्रयोगशाळा त्यांनी घडवली, १९५२ मध्ये सुरू झालेलं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र त्यांनी उभं केलं. ते पेशंट मोजतही होते आणि काच लावून पेशीही बघत होते. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षं घासून होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरची नोंदही त्यांचीच. हा माणूस लोकांच्या सवयी आणि पेशीतले बदल या दोन गोष्टी वेगळ्या खात्यांत टाकत नव्हता.

शिवाय आज तंबाखू पूर्ण थांबली असं समजा. ज्याने वीस वर्षं गालात बार धरलाय त्याचं काय? त्याचा कॅन्सर दुसरं कोणी अभ्यासणार नाही. पश्चिमेत डोक्या-मानेचे कॅन्सर म्हणजे बहुतांशी जीभ, घसा, आणि त्यात एचपीव्ही विषाणूचा मोठा वाटा. आपल्याकडे हिरडी आणि गालाची आतली बाजू, जिथे तंबाखू-चुन्याची गोळी ठेवतात ती जागा. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेने आणि टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्राने मिळून या गाल-हिरडीच्या कॅन्सरचा जनुकीय नकाशा काढला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा पाश्चात्त्य यादीतली टीपी-५३सारखी ओळखीची जनुकं त्यात सापडलीच, पण यूएसपी-९एक्स, एआरआयडी-२ अशी काही नवीही निघाली. दुसरी अडचण आणखी मूलभूत आहे. गाठीतला बदल रोगाचा आहे की त्या माणसाच्या वंशातून आलेला निरुपद्रवी फरक आहे, हे ठरवायला निरोगी माणसांचा संदर्भ लागतो, आणि जगातले संदर्भसंच मुख्यतः युरोपीय वंशाचे. आपल्या माणसातला साधा फरक त्यात 'म्यूटेशन' म्हणून गणला जातो. म्हणून ॲक्ट्रेकमधल्या अमित दत्त यांच्या गटाने २०१६ मध्ये भारतीयांच्या अशा एक लाखाहून अधिक फरकांचा संच सर्वांसाठी खुला केला. हे काम बोस्टनच्या प्रयोगशाळांनी आपल्यासाठी का करावं?

आता सोलापूर-धाराशिवकडे वळू, कारण या वादाचा निकाल खरं तर आपल्याच मातीत लागलेला आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर पहिले वक्ते नेहमी मुंबईचा दाखला देतात. टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने झोपडपट्टीतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून त्यांच्याकडून साध्या व्हिनेगरने तपासणी करून घेतली, दर दोन वर्षांनी, चार वेळा. या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या कामापुढे मी मनापासून नतमस्तक आहे. पण त्याच काळात बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या लोकांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत दुसरा अभ्यास केला. एक लाख एकतीस हजारांवर बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत व्हिनेगर, काहींत पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन बघणं, काहींत हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या डीएनएची चाचणी, आणि काहींत नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षांनी निकाल आला तो २००९ साली. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. व्हिनेगर आणि पॅप स्मिअर यांना एका फेरीत तसा फरक पाडता आला नाही. ज्या बाईला दर दोन वर्षांनी बोलावणं शक्य नाही, जी ऊसतोडीला सहा महिने गाव सोडते, तिच्यासाठी यातली कोणती चाचणी 'गरिबांची' म्हणायची?

आणि ती चाचणी आली कुठून? सत्तरच्या दशकात बहुतेक शास्त्रज्ञ या कॅन्सरसाठी नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूला दोषी धरत होते. हाराल्ड त्सूर हाउझेन हे जर्मन डॉक्टर बायोप्सीच्या तुकड्यांत डीएनए शोधत राहिले आणि १९८३-८४ मध्ये त्यांना एचपीव्हीचे १६ आणि १८ हे प्रकार सापडले. पुढे कळलं की या विषाणूची दोन प्रथिनं पेशीचे दोन राखणदार, पी-५३ आणि आरबी, निकामी करतात. त्या तुकड्यांतून चाचणी निघाली, लसही निघाली, आणि २०२२ साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'सर्व्हाव्हॅक' ही देशी लस पुढे आणली. ज्या देशात वर्षाला सव्वा लाख बायकांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ८० हजार जातात, तिथे प्रतिबंधाचं याहून मोठं हत्यार दुसरं नाही. ते मॉलिक्युलर पॅथॉलॉजीच्या टेबलावर घडलं. मग 'प्रतिबंध की प्रयोगशाळा' हा प्रश्नच चुकीचा ठरत नाही का? एक डाग मात्र इथेच सांगितला पाहिजे. मुंबई आणि उस्मानाबाद या दोन्ही अभ्यासांत तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी मिळाली नाही. त्यावर देशात आणि बाहेर कडक टीका झाली. ती टीका मला पटते. संशोधन आपल्याकडेच व्हावं असं म्हणणाऱ्यांवर तर ते कोणाच्या जिवावर होतंय हे विचारण्याची जबाबदारी दुप्पट आहे.

इतिहासातून एक उदाहरण मला सतत आठवतं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला मूळ गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याआधी दोनच वर्षं हाँगकाँगमध्ये त्याचा जंतू सापडला होता. पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सरकारने जे 'साहजिक' वाटलं ते केलं: गटारं धुतली, जंतुनाशकं ओतली, माणसं वेगळी काढली. पुण्यात १८९७ मध्ये रँडच्या अंमलाखाली सोल्जर घराघरांत शिरले, सामान बाहेर फेकलं, बायकांच्या अंगाला हात लावून तपासण्या केल्या. त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों यांनी दाखवून दिलं की उंदराकडून रोग नेते ती पिसू. ते जगाने मान्य करायला आणखी काही वर्षं गेली. स्वच्छता वाईट होती असं मी म्हणत नाही. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनमध्ये कॉलऱ्याचा जंतू न पाहताच दूषित पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावला, हेही खरं आहे. कधी कधी साखळी बाहेरूनच दिसते. पण जिथे ती दिसत नाही, तिथे आंधळेपणाने केलेल्या उपायाचा मार रोगाला बसत नाही, रोग्याला बसतो.

आता दुसऱ्या वक्त्यांकडे. केमोथेरपीचे दिवस भरले असं सांगणं ही आजारी माणसाच्या घरच्यांशी केलेली क्रूर गोष्ट आहे. फ्रान्समध्ये 'शिवा' नावाच्या अभ्यासात पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटना गाठीतले बदल वाचून त्याप्रमाणे औषधं दिली आणि नेहमीच्या उपचारांशी तुलना केली. २०१५ च्या निकालात आजार आटोक्यात राहण्याचा काळ दोन्हीकडे जवळपास सारखाच, दोन महिन्यांच्या आसपास. जनुक वाचलं म्हणजे औषध सापडलं असं होत नाही. आपल्याकडे अनेक जनुकं एकदम वाचणारी हजारो रुपयांची 'फुल पॅनल' चाचणी करून पन्नास पानांचा रिपोर्ट हातात देतात, आणि शेवटी त्यात लिहिलेलं औषध तरी मिळत नाही किंवा शेत विकल्याशिवाय परवडत नाही. याला मी संशोधनही म्हणणार नाही आणि उपचारही. पण त्याच शाखेची दुसरी बाजू पाहा. गेफिटिनिब हे फुप्फुसाच्या कॅन्सरचं औषध. २००९ मध्ये आशियातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ईजीएफआर जनुकात बदल असलेल्यांना ते केमोथेरपीपेक्षा चांगलं लागू पडतं. ज्यांच्यात बदल नाही त्यांचा आजार मात्र केमोपेक्षा त्याच गोळीवर लवकर वाढला. तपासल्याशिवाय दिलेली गोळी नुसती वाया जात नाही, अपाय करते. आणि केमोचं काय? २०२० मध्ये टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी दाखवलं की ईजीएफआर बदल असलेल्यांना गेफिटिनिबच्या जोडीला केमो दिली तर आजार आठऐवजी सोळा महिने आटोक्यात राहतो.

"पण औषध परवडत नसेल तर आजाराचं नाव कळून काय करू?" हा प्रश्न मला सभेत एका शेतकऱ्याने विचारला होता, आणि त्याला त्या क्षणी मला नीट उत्तर देता आलं नाही. आज देते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमधलं आखूड गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फियात दोघा शास्त्रज्ञांना दिसलं. त्याचं करायचं काय, हे त्यांना माहीत नव्हतं. १९७३ मध्ये जॅनेट रौली यांनी ते दोन गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून होतं हे दाखवलं, आणि २००१ मध्ये त्यावर इमॅटिनिब हे औषध आलं. भारतात नोवार्टिस या परदेशी कंपनीच्या औषधाला महिन्याला लाखाहून जास्त खर्च येई. देशी कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजारांत मिळे. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं आणि तो स्वस्त मार्ग खुला राहिला. औषधाची किंमत कायद्याने, स्पर्धेने, सरकारी खरेदीने खाली येते. पण ते कोणाला द्यायचं हे सांगणारी, ती अदलाबदल ओळखणारी बीसीआर-एबीएल चाचणी जिल्ह्यात नसेल, तर स्वस्त गोळी दुकानाच्या फळीवर पडून राहते. किंमत खाली आणण्याची लढाई आणि ओळखण्याची तयारी, दोन्ही एकाच वेळी करावी लागतात.

हे फक्त परळच्या टाटा मेमोरियललाच जमतं, हा समज टीबीने मोडलाय. टीबीही 'गरिबीचा रोग', आणि पोषणाचं महत्त्व खरंच आहे. झारखंडमध्ये टीबी पेशंटच्या घरच्यांना शिधा दिल्यावर त्यांच्यातल्या नव्या टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटल्याचं २०२३ मध्ये सिद्ध झालं. पण औषधाला न जुमानणारा टीबी थुंकीच्या काचेवर वेगळा दिसत नाही. तो जंतूच्या जनुकात दिसतो, आणि ते बघणारं, बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट यंत्र गोव्याच्या मोलबायो कंपनीचं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर ते मावतं. कोविडमध्ये तर आपण पुण्याच्या एकट्या एनआयव्ही या राष्ट्रीय विषाणू संस्थेपासून सुरुवात करून दोन वर्षांत देशभरात तीन हजारांहून अधिक चाचणी-प्रयोगशाळा उभ्या केल्या. आरटी-पीसीआरचं तेच तंत्र बीसीआर-एबीएलला लागतं, आणि एचपीव्हीच्या चाचण्याही पीसीआरवर होतात. ती माणसं शिकलेली आहेत, यंत्रं घेतलेली आहेत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मोजक्या, ज्यांच्यामागे परवडणारं औषध आहे अशा चाचण्या फुकट व्हाव्यात. पन्नास पानांचं पॅनल संशोधनापुरतं आणि संशोधनाच्या पैशातून व्हावं, पेशंटच्या खिशातून नको. गाल-हिरडीचा, पित्ताशयाचा, आपल्याकडे जो जास्त दिसतो त्या कॅन्सरचे ठोकळे सार्वजनिक संग्रहात, मराठीत समजावून घेतलेल्या संमतीने जपावेत, आणि त्यातून निघालेलं ज्ञान कोणा एका कंपनीचं होऊ नये. आणि या सगळ्याच्या आधी, जिथे जिथे चाकू चालतो तिथे नीट बनवलेलं फॉर्मॅलिन हवं. मुंबईत मावशीचे ठोकळे दिले तेव्हा तिथल्या फॉर्मवर दोन रकाने होते: तुकडा काढल्याची वेळ, आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ. आम्हाला दोन्ही भरता आले नाहीत. आमच्या जिल्ह्यातल्या लॅबच्या फॉर्मवर ते रकानेच नव्हते.